माशांचं रक्त पाहणाऱ्या कुमुदताई

डिचोलीच्या बाजारात कुमुदताई मासळीच्या रांगेत शिरल्या, की विकणाऱ्या बायका पाट्यांवरची ओली फडकी सारखी करू लागत. ताई माशाकडे बघतच नसत. अंगठ्याने कल्ला उचलायचा, आतला रंग बघायचा, बोटाला लागलेला चिकटा नाकाशी न्यायचा आणि मग बाईच्या तोंडाकडे बघायचं.

"कालचो?"

"नाय गो ताई, सकाळचो."

"खंयची सकाळ?"

आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. एकदा मी बरोबर होते. कल्ला खाली सोडून ताईंनी त्याच अंगठ्याने, साडीला पुसून, त्या बाईची खालची पापणी ओढली. "मासो बरो आसा. पण तुझोच कल्लो फिको पडलो गो. चक्कर येता मां?" बाईने मान डोलावली. येत होती. ताईंनी बांगडे घेतले, घासाघीस केली नाही आणि जाताना सांगितलं, "नाचणी खा. आणि सोमवारी दवाखान्यात जाऊन रगत दाखय. मी इचारतलंय हां." पुढच्या सोमवारी त्यांनी खरंच विचारलं.

त्यांचं पूर्ण नाव कुमुद परब. पेडण्याच्या. वडिलांचं तिथे मिठागर होतं, आता भाऊ बघतो. यजमान मुरगाव बंदरात कामाला, शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी येत. ताई आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी एका इस्पितळात माणसांचं रक्त तपासलं होतं. ते काम का सोडलं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मशीन इला. रगत मशीन बघता. मी नुसती कागद फाडून देय. दोळे आसत तवसर काय तरी बघूया म्हटलंय."

मी फोंड्याची. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी या कॉलेजात शिकवायला आले तेव्हा माझ्या हातात नवी पदवी होती. माशांच्या रक्तावरून त्यांची प्रकृती कशी ओळखायची, हाच माझा अभ्यासाचा विषय. गोड्या पाण्यातल्या माशाचा आजार वरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. खवलं झडतात, पोहणं मंदावतं, तेव्हा त्याच्या हाती फार दिवस नसतात. पण रक्त आधीच बोलू लागतं. तांबड्या पेशी कमी होतात, पांढऱ्या वाढतात, रंग बदलतो. हे सगळं मला पाठ होतं. आल्या आल्या विद्यार्थ्यांना दाखवावं म्हणून मी काचेच्या टाकीतला एक रोहू पकडायला गेले. तो जाळीत येईना. पाच-सहा मिनिटं मी त्याला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवला, शेवटी धरला, टेबलावर दाबला आणि शेपटीजवळ सुई घातली. रक्त निघालं. केसासारख्या बारीक नळीत भरून मी ते सेंट्रीफ्यूजवर फिरवलं. तांबड्या पेशींचा थर बघून मी म्हटलं, बघा, किती उत्तम प्रकृतीचा मासा आहे.

कुमुदताई कोपऱ्यातल्या बेसिनपाशी परीक्षानळ्या धूत होत्या. मुलं गेल्यावर हात पुसत माझ्याजवळ आल्या.

"मॅडम, उद्या परत घेवया ह्याच माशाचा?"

"कशाला?"

"आज तुम्ही भयाचा रगत घेतलात. माशाचा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः घेतलं. आधी हातातल्या हिरव्या बांगड्या काढून गॅसच्या नळावर अडकवल्या. हात पाण्यात भिजवले. टाकीतलं पाणी एका बाल्दीत काढून त्यात गुंगीसाठी लवंगेचं तेल घोळवलं, आवाज न करता मासा त्यात सरकवला आणि तो आडवा होईपर्यंत वाट पाहिली. मग ओल्या कापडावर घेऊन त्याचे डोळे झाकले. सुई कधी गेली आणि कधी बाहेर आली, हे मला कळलंही नाही. त्या दिवशी तांबड्या पेशींचा थर कालच्यापेक्षा बराच कमी भरला. घाबरलेल्या माशाचं रक्त दाट होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. समोर घडत असताना मात्र ते मला दिसलं नव्हतं.

मुलांसमोर त्या मला मॅडम म्हणत. त्या सकाळपासून आम्ही दोघीच असलो की मी "गो बाय" झाले.

त्या बारावीनंतर तंत्रज्ञाचा कोर्स केलेल्या. काही प्राध्यापक त्यांना चहा सांगत, त्या चहा आणतही. पण मायक्रोस्कोपवर बसल्या की प्राचार्यांनाही दोन मिनिटं उभं राहावं लागे. "थांबा, मोजतंय," एवढंच म्हणत, मान वर न करता. पेशी मोजताना त्यांचा डावा पाय हलायचा. पाय थांबला म्हणजे आकडा झाला.

स्वतःवरचा एक किस्सा त्या फार आवडीने सांगत. कॉलेजात आल्यावर त्यांनी माशाच्या रक्ताची पहिली स्लाइड केली आणि मायक्रोस्कोपखाली धरली, तर प्रत्येक तांबडी पेशी लांबट आणि तिच्या मधोमध काळपट ठिपका. माणसाच्या तांबड्या पेशीत असा गाभा नसतो. "इतकी वर्षां माणसांचा रगत बघलंय, तांबड्या पेशीत असो ठिपको कधी बघूक नाय. माका वाटला, रंग खराब झालो. दुसरी स्लाइड केलंय. तिसरी केलंय. मगे म्हटलंय, कुमुद, तुझे दोळे गेले. यजमानांका फोन करून सांगलंय, शनिवारी चष्म्यावाल्याकडे जावया." शेवटी एका विद्यार्थिनीने पुस्तक उघडून दाखवलं, की माशाची तांबडी पेशी अशीच असते. ताईंनी ते पुस्तक आठवडाभर घरी नेलं. इंग्रजी फारसं येत नसे. शब्दकोश शेजारी ठेवून एकेक पान लावत गेल्या.

त्यांचं एक खूळ मात्र सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होतं. दर महिन्याला एकदा त्या जवळच्या देवळाच्या तळीवर जात. पुजाऱ्यांची परवानगी होती. दोन-तीन मासे धरायच्या, थेंबभर रक्त घ्यायच्या, मासे परत सोडायच्या आणि वहीत लिहायच्या. पाणी किती गरम, आभाळ कसं, पेशी किती, रंग कसा. त्या तळीतले मासे धडधाकट. कोणी त्यांना त्रास देत नसे, ते कधी आजारी पडत नसत.

आमचे एक सहकारी म्हणाले, "ताई, आजारी माशांचं रक्त तपासतात. तुम्ही निरोगी माशांच्या मागे का?"

"बरो मासो कसो आसता, ता आधी लिवन ठेवक नको? नायतर वायट झालेलो वळखतलास कसो?"

त्या वहीत काळ्या शाईने आकडे असत आणि मधूनमधून लाल शाईने एखादी ओळ. 'ही नोंद धरू नये. माझा हात हलला.' 'आज डोकं दुखत होतं, मोजणी दोनदा वेगळी आली, दोन्ही खोडल्या.' मी माझ्या शिक्षणात अनेकांच्या वह्या पाहिल्या होत्या, माझीही होती. स्वतःची चूक इतक्या ठळक शाईने लिहिणारं दुसरं कोणी पाहिलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. "चुकला ता चुकला. लपवलंय तर उद्या कोणतरी त्याच आकड्यार इस्वास ठेवतलो."

पाळी गावाच्या बाजूला एका वाड्यावर बायकांच्या गटाने तळं केलं होतं, ती गोष्ट यानंतरची. खाणी बंद झाल्यावर घरोघरचे पुरुष रिकामे बसले होते. ट्रक दारात उभे राहून गंजत होते. रुक्मिणी नावाच्या बाईने पंधरा जणींना जमवून खाणीच्या कडेची पडीक जागा पंचायतीकडून मागून घेतली, तळं खणलं आणि त्यात रोहू आणि कटल्याची पिल्लं सोडली. पिल्लं वाढली. गावात पहिल्यांदाच काहीतरी नवं उभं राहत होतं.

एका ढगाळ आठवड्यात मासे सकाळी पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडू लागले. तिसऱ्या दिवशी मेलेले मासे काठाला लागले. पंप लावून पाणी खेळवलं तरी फरक पडेना. आणि मग गावाने दोषी शोधला. तळ्याच्या बाजूला दत्ताराम नावाचा ट्रकवाला बायकोबरोबर एका खोलीत राहायचा. मूळचा सावंतवाडीकडचा, खाणीच्या कामावर आलेला आणि इथेच राहिलेला. महिन्यापूर्वी तळ्याच्या पाण्यात ट्रक धुण्यावरून बायकांनी त्याला हटकलं होतं आणि मोठं भांडण झालं होतं. त्यानेच काहीतरी ओतलं, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. त्याच्या ट्रकचा आरसा कोणीतरी फोडला. दुकानदार त्याच्या बायकोला सामान देईना.

रुक्मिणीची मुलगी आमची विद्यार्थिनी. तिने सांगितलं आणि त्याच सकाळी आम्ही निघालो. ताईंनी बरोबर सुया, लवंगेचं तेल, पांढरा टीपकागद आणि झाकणाच्या डब्यात देवळाच्या तळीतला एक जिवंत मासा घेतला. मला वाटलं, हा कशाला? पण विचारलं नाही.

तळ्यावर तीस-चाळीस माणसं होती. दत्तारामला कोणीतरी बोलावून आणलं होतं. तो फणसाला टेकून उभा होता आणि त्याची बायको त्याच्या दंडाला धरून. रुक्मिणीचा चेहरा रडून सुजला होता. "ताई, इखाची परीक्षा करात," ती म्हणाली. "आमी पोलिसांत वतलीं."

ताईंनी बांगड्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. पाण्यात उतरून त्यांनी धापा टाकणारा एक कटला हळूच बाल्दीत घेतला. सुईत रक्त आलं तेव्हा मी त्यांच्या शेजारी होते. ते रक्त लाल नव्हतं, चॉकलेटसारखं तपकिरी होतं.

ताईंनी सुई उजेडाकडे धरून पाहिली. मग डब्यातल्या माशाचं रक्त घेतलं. टीपकागदावर दोन थेंब शेजारी शेजारी ठेवले आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

"वारो लागांदेत. बघीत ऱ्हवा."

देवळाच्या माशाचा थेंब बघता बघता लालभडक झाला. तळ्यातल्या माशाचा होता तसाच तपकिरी राहिला. माणसं वाकून वाकून बघत होती.

"जर पाण्यात वारो नसतो," ताई म्हणाल्या, "तर हो थेंब भायर काढल्यार तांबडो झालो असतो. पाण्यात वारो आसा. मासो तोंड उघडून घेताहा. पण रगत तो धरूक शकणा नाय."

मग त्या माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "गो बाय, असा रगत मी एकदाच बघलंय. इस्पितळात. एका बाळाचा." त्याच्या गावातल्या विहिरीच्या पाण्यात दुधाची पूड कालवून पाजलेलं ते तीन महिन्यांचं बाळ निळं पडून आलं होतं. विहिरीशेजारी शेणखताचा खड्डा होता आणि त्यातला नत्र पाण्यात उतरला होता. नळीतलं चॉकलेटी रक्त बघून ताईच डॉक्टरांकडे धावत गेल्या होत्या. बाळ वाचलं.

मी बरोबर आणलेल्या रसायनांनी पाणी तपासलं. रंग गडद गुलाबी आला. पाण्यात नायट्राइट होतं, रक्ताला प्राणवायू धरू न देणारं नत्राचं विष, भरपूर.

"तळ्यात खाणा किती घालतास?" ताईंनी रुक्मिणीला विचारलं.

"पेंड आणि कोंडो. सकाळ-सांज."

"किती?"

रुक्मिणीने हाताने दाखवलं. मग थांबली. "हल्ली जास्त घालतालें. बेगीन वाडूं म्हणून. आनी कोंबड्यांचें खत..."

"कोणी सांगलेला?"

"कोणीच ना. हांवेंच घालें." तिचा आवाज बसला. न खाल्लेली पेंड आणि खत तळाशी कुजत होतं. त्यातूनच ते विष तयार होत होतं.

ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पण जे बोलायचं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "हयसर कोणी काय ओतूक नाय. रगतान सांगला. मायेन जास्त भरवला, तेचा झाला ह्या. तेका कोणी गुन्हो म्हणणत नाय. पण ह्या माणसावर घातलेलो आळ मात्र गुन्होच."

फणसाखाली दत्तारामची बायको खाली बसली आणि तिने पदराने तोंड झाकलं.

उपाय होता. पाण्यात मीठ पडलं, की माशाच्या कल्ल्यातून ते विष आत शिरणं थांबतं. मग रक्त हळूहळू सावरतं. साधं, जाडं मीठ. पण पोती लागणार होती आणि वेळ नव्हता.

ताई फणसापाशी गेल्या. "दत्ताराम, गाडी चालता मां?"

तो फणसापासून दूर झाला. "चालता. आरसो नाय."

"आरसो मी होतंय. चल, पेडण्याक जावया. भावाच्या आगरातला मीठ हाडूया."

आणि त्या खरंच ट्रकच्या पुढच्या सीटवर चढून बसल्या. नंतर त्यानेच मला सांगितलं, की वाटभर ताई खिडकीबाहेर डोकं काढून मागून कोण येतंय ते सांगत होत्या. आम्ही इकडे खाणं बंद केलं, पंपाने तळ्यातलं पाणी काढून ओढ्याचं आत घेतलं. दुपारी ट्रक आला. पोती उतरवायला सगळ्यात आधी रुक्मिणी पुढे झाली. एक पोतं तिने आणि दत्तारामने मिळून धरलं. टोपल्या टोपल्यांनी बायकांनी काठाकाठाने मीठ पसरलं.

संध्याकाळी आणखी मासे मेले. दुसऱ्या दिवशीही. ताई रोज कॉलेज सुटल्यावर जाऊन एका माशाचं रक्त टीपकागदावर ठेवत होत्या. तिसऱ्या दिवशी थेंब तपकिरीच, पण कडेला लालसर. पाचव्या दिवशी बायका आमच्याआधीच काठावर उभ्या होत्या. थेंब ठेवला, आणि तो लाल झाला. एका म्हातारीने कागदाला हात जोडले. ताई तिला म्हणाल्या, "माशांका जोड गो, कागदाक कित्याक?"

सगळे नाही वाचले. निम्म्याहून जास्त वाचले. पहिल्यांदा जाळं टाकलं त्या दिवशी रुक्मिणीने सगळ्यात मोठा रोहू केळीच्या पानात गुंडाळला आणि स्वतः दत्तारामच्या दारात नेऊन ठेवला. दत्ताराम आता त्याच गटाचे मासे ट्रकमधून बाजारात नेतो.

या सगळ्यावर मी एक लेख लिहिला, त्यात ताईंचं नाव आधी घातलं. त्यांनी तो वाचायला मागितला. चार दिवसांनी परत दिला, पेन्सिलने एका ठिकाणी खूण करून. चौथ्या दिवसाचा आकडा मी लेखात तसाच घातला होता. "ह्या दिसाचो थेंब मी उशिरा बघलंय, पावस इललो. ता लिवक नाय तू." मी म्हटलं, त्याने निष्कर्ष बदलत नाही. "निष्कर्ष नाय बदलत. पण लिव."

मी लिहिलं.

दोन वर्षांपूर्वी ताई निवृत्त झाल्या आणि पेडण्याला परत गेल्या. निरोपाच्या समारंभात त्यांनी भाषण केलं नाही, वही माझ्याकडे दिली आणि देवळाच्या तळीची वेळ चुकवू नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून महिन्याला मी जाते. माझ्याही काही ओळी लाल शाईत आहेत.

गेल्या हिवाळ्यात मी पेडण्याला त्यांना भेटायला गेले. घरी नव्हत्या. शेजारणीने शेताकडे बोट दाखवलं. तिथे गोड्या पाण्याची तीन छोटी तळी होती आणि त्यांच्या मधल्या बांधावर सात-आठ बायका. गुडघे दुखतात म्हणून ताईंसाठी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, पण खुर्चीवर त्यांची पिशवी होती आणि ताई मांडीपर्यंत पाण्यात. आजूबाजूच्या गावांतल्या ज्या बायकांनी तळी केली होती, त्यांना त्या रक्त घ्यायला शिकवत होत्या. एका बाईने घाईघाईने सुई उचलली. ताई तिला म्हणाल्या, "घाय नाय. माशाक खंयच जावचा नाय आज."

आम्ही बोललो, पण तुकड्या तुकड्यांनी. यजमानही निवृत्त झालेत, बाजारहाट तेच करतात आणि कल्ला न बघता मासे आणतात, ही त्यांची मोठी तक्रार. माझी शेवटची बस चारची. मी घड्याळ बघू लागले तेव्हा त्यांच्या हातात एक रोहू होता, नुकतंच रक्त घेतलेला, अजून गुंगीत.

"येते हं ताई," मी म्हटलं.

"रव गो जरा. हेका शुद्धीर येवंदेत."

पण बस थांबणार नव्हती. मी बांधावरून रस्त्याकडे निघाले. वळणावर मागे पाहिलं. ताई वाकून उभ्या होत्या, दोन्ही हात पाण्याखाली, मासा ओंजळीत सरळ धरून, जिथून ओहोळाचं नवं पाणी आत येत होतं तिथे त्याचं तोंड करून. सगळ्या बायका त्यांच्या हातांकडे बघत होत्या. मी तशीच उभी राहिले. मग त्या सावकाश ताठ झाल्या. हात रिकामे होते, आणि बायका पाण्यात पुढे कुठेतरी बोट दाखवत होत्या.